चिठ्ठी नसलेली वही

वही हरवल्याचं कळलं तो सोमवार होता, आमच्या तालुक्याच्या बाजाराचा दिवस. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी खळ ढवळत बसलो होतो. तेवढ्यात कुमुद आत आली. कुमुद माझी बायको. ती वाचनालयाची ग्रंथपाल, मी तिथला बाइंडर. तिनं टेबलावरचे पुठ्ठे उचलून पाहिले, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यामागे वाकून पाहिलं, मग रद्दीच्या खोक्यात हात घातला.

“अहो, इथे एक वही ठेवली होती मी. पेपरात गुंडाळलेली. पाहिलीत?”

“कसली वही?”

“जुनी. वरचा पुठ्ठा नसलेली. नाशिकला जायच्या आदल्या दिवशी ठेवली होती, या कोपऱ्यावर.”

खळ घट्ट होत आली की ढवळणं थांबवता येत नाही, गाठी होतात. तेवढं निमित्त मला पुरलं. मान वर न करता मी म्हणालो, “नाही बुवा.”

ते खोटं होतं. ती वही मी आठ दिवसांपूर्वीच उसवली होती.

बाहेर पायरीवर एक बाई बसली होती. तिशीच्या आतली, उन्हातून पायी आलेली, पायांवर धूळ. डोंगरातल्या पाड्यावरची सायकी. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. ती महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला यायची आणि कुमुदशी बोलत बसायची, एवढं मला माहीत होतं. आत मात्र कधी येत नसे. त्या दिवशी कुमुद रिकाम्या हातानं बाहेर गेली, आणि मी दाराआड उभा राहून ऐकलं.

“बाई, मला वही दे. आत्ता दे.”

“एवढी घाई का गं? मी अजून उघडूनसुद्धा नीट पाहिली नाही. परवाच आले मी नाशिकहून.”

“सासऱ्यानं काल पेटी उघडली. वही नाही. सगळ्या पाड्याला गोळा केलं त्यानं. म्हणाला, डाकिणीनं नेली. गुरुवारी नव्या दाण्याची पूजा आहे. तोवर आली नाही तर सुपात दाणे टाकून नाव सांगेन म्हणाला.”

“कुणाचं नाव?”

“तू शिकलेली आहेस ना? कुणाचं असणार?”

सायकीचा सासरा जालम भगत. आसपासच्या वीस पाड्यांत त्याचा शब्द चाले. त्याच्याकडे बापापासून आलेली मंत्रांची वही आहे हे आम्हा तालुक्याच्या लोकांनाही ऐकून माहीत होतं. त्या पावसाळ्यात पाड्यावर दोन पोरं तापानं गेली होती. एकदा डाकीण म्हणून नाव निघालं की त्या बाईचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरात येत नसे, एवढंच.

“आणि बाई, तू काही फाडलं तर नाहीस ना? ती वही फाडायची नाही. जो फाडेल त्याचं घर बसेल. बांधून ठेवलीय ती.”

“वही बांधायचं काम आमच्या घरात होतं,” कुमुद म्हणाली. “तिथे दोरा लागतो, मंत्र लागत नाही.”

ती हसली. सायकी हसली नाही.  आम्हाला मूलबाळ नव्हतं. घर बसायचं म्हणजे एकाच माणसाचं काय ते व्हायला उरलं होतं.

खिडकीतून समोरची फॉरेस्टची क्वार्टरं दिसत होती. तिथे एक ट्रक उभा होता आणि त्यात कुणाचं तरी सामान चढत होतं. मी तिकडे बघत राहिलो. मागच्या खोलीत खळीच्या गाठी झाल्या.

आता बाइंडिंगचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझ्या हातून काय झालं ते कळणार नाही.

पुस्तक बांधताना पुठ्ठ्याला आतून जुना कागद डकवतात आणि त्यावर कोरं पान लावतात. मी जातीचा शिंपी, मी त्याला अस्तर म्हणतो. अस्तराला जुना, जाड हातकागद मिळाला तर सोनं. तो खळीत फुगत नाही. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, त्यानं खळ निळसर होते. वाचनालयात कुमुदनंच नियम केला होता, की बांधायला द्यायच्या पुस्तकात चिठ्ठी घालायची, वर नाव आणि नंबर. चिठ्ठी असेल ते बांधायचं. चिठ्ठी नसेल ते रद्दी. पंधरा वर्षं आम्ही तसंच काम केलं. कधी चूक झाली नव्हती.

त्या वहीत चिठ्ठी नव्हती. उघडली तर बारीक पेन्सिलीचं लिहिलेलं, काही वाचण्यासारखं दिसलं नाही. खरं तर मी वाचलंच नाही. कागद बोटांत धरून पाहिला आणि खूश झालो. बत्तीस पानं होती. त्या आठवड्यात माझ्याकडे आठ पुस्तकं होती, प्रत्येकाला चार पानं. बरोबर बसली.

आठही पुस्तकं सात नंबरच्या कपाटातली. हे कपाट कुमुदनं उभं केलं होतं. त्यात जादूटोण्यावरची पुस्तकं, देवादिकांच्या कथा कुठून आल्या ते सांगणारी, बाईनं आपल्या मनानं कसं जगावं याची, शाळेत न शिकवलेल्या इतिहासाची. आमचे चिटणीस निंबाआप्पा रोज सकाळी आत शिरताना विचारत, “काय दोधूभाऊ, भुतंसना कपाट बंद शे ना?” आणि शनिवारी दुपारी स्वतःच एखादं पुस्तक पिशवीत घालून घरी नेत. वाचनालयात सगळ्यात जास्त फाटायची ती याच कपाटातली.

सोमवारी संध्याकाळी कुमुदनं सगळं वाचनालय उलथंपालथं केलं. मी तिच्याबरोबर शोधल्यासारखं केलं. शिडीवर चढून वरचे कप्पे पाहिले. सात नंबरच्या कपाटासमोर ती उभी होती आणि मी म्हणालो, “तिथे कशी असेल?”

घरी जेवताना ती म्हणाली, “त्या मुलीला मारतील हो.”

मी भाकरी मोडली आणि ताटातच ठेवली. सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण सांगितलं की ते झालं असं ठरणार होतं. न सांगता राहिलो तर कदाचित ती वही दुसरीच असेल, कदाचित त्या शापाला माझा पत्ता लागणार नाही. माणूस घाबरला की असलंच काहीतरी डोक्यात येतं.

मंगळवारी दुपारी कुमुद पुढे वर्गणीदारांना पुस्तकं देत होती. मी मागे एकटा होतो. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं तर एक म्हातारा उभा. अंगात जुना काळा कोट, डोक्याला पांढरा फेटा, पाय अनवाणी. आवाज न करता तो आत आला आणि स्टुलावर बसला. मी ओळखलं. त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

“राम राम, बाबा.”

“राम राम. तू कागद शिवतो?”

“हो.”

“वाचतो पण?”

“नाही बाबा. नुसतं शिवतो.”

“चांगलं आहे,” जालम भगत म्हणाला. “शिवणाऱ्यानं वाचू नये.”

त्यानं कोटाच्या खिशातून मूठभर ज्वारी काढली. माझ्याच एका पुठ्ठ्यावर टाकली, बोटानं दोन-दोन दाणे बाजूला सारले. मी ब्रश धरून उभा. पुढच्या खोलीतून कुमुदचा आवाज येत होता, कुणाला तरी ती तारीख विचारत होती. तिला हाक मारावी असं वाटत होतं, पण मारली नाही.

“निळं पाणी दिसतं,” तो म्हणाला. “वही निळ्या पाण्यापाशी आहे.”

माझ्यासमोर खळीचं निळं पातेलं होतं. 

“मी पोलिसात जाणार नाही. भांडणार नाही. वही जशी गेली तशी आली पाहिजे. गुरुवारी दाणे बोलतील, मग मी पण काही करू शकत नाही.” त्यानं एक-एक दाणा वेचून खिशात टाकला. उठताना म्हणाला, “तुझ्या घरी कोण कोण असतं रे?”

“बायको,” मी म्हणालो.

“एवढीच?”

“एवढीच.”

त्यानं मान हलवली आणि आला तसा गेला.

मी तसाच पुढे गेलो. दोन वर्गणीदार बसले होते, त्यांच्यासमोरच कुमुदला म्हणालो, “मागे ये.” माझा चेहरा पाहून ती रजिस्टर उघडं टाकून आली. मी सगळं सांगितलं. वही, अस्तर, आठ पुस्तकं, सोमवारचं खोटं. म्हातारा, दाणे, निळं पाणी. 

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझा हात धरला आणि माझ्याच डोळ्यांसमोर आणला.

“नखं बघा तुमची.”

मोरचूदानं माझी नखं कायम निळी असत. पंधरा वर्षांत मला ती दिसेनाशी झाली होती.

“त्याला दाण्यांत दिसलं नाही, इथे दिसलं. पातेल्यात दिसलं. सायकीला पुडकं घेऊन इथे येताना कुणीतरी पाहिलं असणार, तेही त्याला कळलं असणार. उरलेलं तुमच्या तोंडावर वाचलं त्यानं.” मग ती खाली बसली. “चूक माझीसुद्धा आहे. मी चिठ्ठी घातली नाही, कारण मग रजिस्टरात नोंद झाली असती आणि शनिवारी निंबाआप्पांनी ती पाहिली असती. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती इथे ठेवू दिली असती?”

“नसती.”

“म्हणून नाही सांगितलं.” उठता उठता तिनं विचारलं, “आठही पुस्तकं कपाटातच आहेत ना?”

आम्ही जाऊन पाहिलं. सात होती. आठवं डोंगरातल्या जुन्या राजांच्या दंतकथांचं, हिरव्या पुठ्ठ्याचं. कुमुदनं कार्ड काढलं. शनिवारी नेलं होतं. फॉरेस्टचे खैरनार साहेब.

ती तशीच रस्ता ओलांडून पळत गेली. मी खिडकीतून पाहत होतो. क्वार्टराच्या दाराला कुलूप होतं. तिनं शेजारच्या बाईला काही विचारलं, त्या बाईनं हातानं लांबची दिशा दाखवली. कुमुद परत आली ती सावकाश चालत.

“बदली झाली. तिकडे, पार विदर्भाच्या टोकाला. ट्रक सकाळी गेला.” ती बाकावर टेकली. “काल सामान भरत होते. काल दिवसभर पुस्तक इथेच होतं. काल तुम्ही…”

वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुढे तीस वर्षांत कधीही केलं नाही.

बुधवारी वाचनालय बंद ठेवलं. दारावर पाटी लावली, साफसफाईसाठी. निंबाआप्पा येऊन दार ठोठावून गेले, “अरे, साफसफाई दिवाळीआधी करतात का नंतर?” म्हणत. आम्ही आतून ओ दिली नाही.

मी सात पुस्तकांचे पुठ्ठे सोडवले आणि पाण्याच्या परातीत ठेवले. खळ सुटायला तास-दीड तास लागतो. ओढायचं नाही, कागद आपण होऊन सुटू द्यायचा. आयुष्यात एवढ्या हळू हातानं मी कधी काम केलं नाही. प्रत्येक पान सुटताना वाटे, आता काहीतरी होणार. कुमुदला एकदा ठसका लागला तर माझ्या हातातलं पान पडता पडता राहिलं.

“पाणी द्यायला सांगा तुमच्या भगताला,” ती म्हणाली.

पेन्सिलीचं होतं म्हणून अक्षर टिकलं. शाईचं असतं तर निळ्या पाण्यात गेलं असतं. मी पानं दोरीवर वाळत घालत होतो, कुमुद एकेक वाचून नव्या वहीत उतरवत होती. पाच-सहा पानं झाल्यावर तिचा हात थांबला.

“अहो, यात मंत्र नाहीयेत.”

“मग?”

“नावं आहेत.”

तिनं वाचून दाखवलं. सगळी बायकांची नावं. पुढे पाड्याचं नाव. सन नाही, पण मोठ्या पुराचं साल, देवी आली ते साल, बिबळ्यानं तीन माणसं नेली ते साल. आणि शेवटी एक-दोन शब्द. गेली. पळाली. विहीर. माहेरी पोचवली. झाड. ऐकली नाही. पुन्हा, पळाली. अक्षर मध्ये बदललं होतं, आधी बापाचं असणार आणि मग जालमचं. काही ओळींवर बारीक टिंब होतं. त्याचा अर्थ आम्हाला कधी कळला नाही.

दोन पिढ्यांत ज्यांना ज्यांना डाकीण ठरवलं, त्या सगळ्यांची ती वही होती. अठ्ठावीस पानांत एकशे एकोणीस नावं.

मला आतापर्यंत शापाची भीती वाटत होती. त्या दुपारी दोरीवर ओळीनं वाळणारी ती पानं बघताना वेगळी भीती वाटली. दाण्यांत निळं पाणी पाहणारा म्हातारा त्यापुढे काहीच नव्हता.

“हे लिहून का ठेवलं असेल?” मी विचारलं.

“तो नीट काम करणारा माणूस आहे,” कुमुद म्हणाली. “तुमच्यासारखा.”

ती हे लागावं म्हणून बोलली नसावी. पण लागलं.

संध्याकाळ व्हायच्या आत सायकी आली. पाड्यावरून कुणाला न सांगता निघाली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा आत आली. वाळत घातलेल्या पानांकडे पाहून दारातच थबकली.

“फाडली?”

“ओली झाली होती,” कुमुद पटकन म्हणाली. “वाळवतोय. उद्या शिवून देतो. सायकी, ही वही तू माझ्याकडे का आणलीस? खरं सांग.”

सायकीनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझा नवरा चौथीपर्यंत शिकला होता. बापाच्या चोरून त्यानं ही वही वाचली. मरायच्या आदल्या साली मला म्हणाला, हिच्यात तुझ्या आईचं नाव आहे. पुढे काय लिहिलंय ते नाही सांगितलं. दारू प्यायला आणि रडला. मी सहा वर्षांची होते, आई गेली तेव्हा. पाड्यावर सगळे म्हणतात, दुसऱ्या माणसाबरोबर पळून गेली. मला वाचता येत नाही, बाई. पळाली का मारली, एवढं वाचून सांग.”

“नाव काय आईचं?”

“उंदरी.”

कुमुदनं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानांवर बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून. मला उत्तर माहीत होतं आणि तिलाही. मी पाठ फिरवून शिकंज्याचा पीळ उगाच आवळत बसलो.

“यात नाही गं,” ती म्हणाली. “चार पानं कमी आहेत. त्यात असेल.”

“कुठे गेली चार पानं?”

मी पीळ सोडला. वळलो. त्या वेळी बोललो असतो, असं मला अजून वाटतं. पण कुमुद माझ्याआधी बोलली.

“माझ्या हातून गेली. एका पुस्तकात ठेवली होती, ते पुस्तक बदलीच्या ट्रकमधून गेलं. मी मागवते.”

सायकीनं तिच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. त्यानंतर ती परत कधी आत आली नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत मी वही शिवली. चार पानांच्या जागी तसाच जुना कोरा हातकागद घातला, म्हणजे जाडी भरेल. निदान वरून बघणाऱ्याला कळू नये. सायकी रात्रभर पायरीवरच होती; तिला घेऊन आम्ही तिघं भाड्याच्या जीपनं निघालो. रस्ता संपल्यावर पाऊण तास चढ. वाटेत कुमुद मला म्हणाली, “तुम्ही तिथे काही बोलायचं नाही. मी शहरातली बाई, त्यांना सरकारी वाटते. माझ्यावर हात टाकायला ते दहादा विचार करतील. तुमच्यावर करणार नाहीत.”

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

पाड्यावर मोहाच्या झाडाखाली पन्नासेक माणसं बसली होती. मधे नव्या धान्याची रास, शेजारी सूप.  पोरांनाही गप्प केलं होतं. सायकी आमच्या पुढे चालत होती आणि माणसं तिच्यापासून पाय मागे घेत होती, जसं विस्तवापासून घेतात. एका म्हाताऱ्या बाईनं नातवाचे डोळे हातानं झाकले.

कुमुदनं वही जालम भगताच्या हातात दिली. “बाबा, सायकीनं ही माझ्याकडे शिवायला आणली होती. पानं सुटत होती. न विचारता आणली, ती तिची चूक. हे माझे मालक, त्यांनी शिवली.”

त्यानं वही उघडली नाही, आधी वास घेतला. मग पानं उलटत गेला, सगळ्यांसमोर, सावकाश. कोऱ्या पानांशी थांबला. चार पानं उलटली. पुन्हा मागे आला. मग त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात मी पाठीमागे धरले होते.

“ही पानं कुणी फाडली?”

पन्नास माणसं माझ्याकडे वळली, असं मला वाटलं. खरं तर वळली नसतील.  मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. नुसता वारा.

“मी,” कुमुद म्हणाली. “माझ्या हातून गेली.”

“माहीत आहे का तुला, फाडणाऱ्याचं काय होतं?”

“सांगितलंय मला.”

“घर बसेल, बाई.”

गर्दीतून आवाज उठला, हुंकारासारखा. कुमुदनं पदर खोचला.  तिचा आवाज वाचनालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्याशी बोलायची तसाच होता.

“बसू दे. माझ्या घराचं मी बघीन. पण बाबा, एवढी माणसं जमली आहेत. वही आली की नाही ते त्यांनाही कळू दे. एक पान वाचून दाखवा. मंत्र कानावर पडू दे सगळ्यांच्या.”

“मंत्र वाचून दाखवत नाहीत.”

“मग मी वाचते. मला येतं वाचायला. काल सगळं वाचलंय मी. लिहूनही घेतलंय. पहिल्या पानावर…”

जालम भगतानं वही मिटली. एवढंच झालं. पण त्या मिटण्यात मला तो पहिल्यांदा म्हातारा दिसला. त्यानं माणसांवरून नजर फिरवली. त्यांतल्या किती जणांच्या आया, बहिणी, आत्या त्या पानांत होत्या, ते त्याला आणि आम्हालाच माहीत होतं.

“वही आली,” तो म्हणाला. “दाणे टाकायचं कारण नाही. पूजा करा.”

सायकी वाचली. महिन्याभरात तिनं पाडा सोडला आणि तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. त्याच वर्षीच्या होळीला भगतानं वही जाळली असं कानावर आलं. तो पुढे नऊ वर्षं जगला.

कुमुदनं खैरनार साहेबांना पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, की पुस्तकांची पेटी प्रवासात भिजली, सापडल्यास पाठवतो. नंतरची पत्रं परत येत गेली. ती नवा पत्ता काढायची, पुन्हा लिहायची. सायकी दर सोमवारी बाजार करून वाचनालयाच्या पायरीशी यायची. बसायची नाही. विचारायची, “आलं पुस्तक?” कुमुद म्हणायची, “नाही गं अजून.” त्यापलीकडे तीस वर्षांत ती कुमुदशी एक शब्द बोलली नाही. कुमुद दर सोमवारी बाजाराच्या वेळेला खुर्ची दाराजवळ ओढून बसत असे. मी मागच्या खोलीत असे.

आणि मी तीस वर्षं कुमुदचा ताप मोजला. साधी सर्दी झाली तरी मला ते झाड, ते सूप आठवे. ती हसायची, “अहो, शाप एवढा आळशी असतो का?” गेल्या मार्गशीर्षात ती गेली. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, कागद दिले. मी ते वाचले, कळलेही. तरी शाप माझा होता आणि पन्नास माणसांसमोर तो तिनं आपल्या अंगावर घेतला, आणि मी हात पाठीमागे धरून उभा होतो, हे कागद वाचून जात नाही.

दहाव्याला सायकी आली. केस पांढरे झालेले. उंबऱ्याबाहेर बसली. मी चहा नेऊन दिला तो तिनं घेतला.

“बाईनं माझी चार पानं घालवली,” ती म्हणाली. “मी तिच्याशी धड बोलले नाही कधी. पण माझा जीव तिनंच वाचवला. आता भांडायला पण कुणी उरलं नाही, भाऊ.”

मी तिच्यासमोर बसलो होतो. दोन हातांच्या अंतरावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझी नखं आता साधी झाली आहेत, काम सोडून सहा वर्षं झाली. मी म्हणालो, “साखर बरोबर आहे ना?”

ती अजून सोमवारी येते. आता घरी येते, मला विचारायला. मी कुमुदसारखंच उत्तर देतो. कुमुदनं उतरवलेली अठ्ठावीस पानं माझ्या टेबलावर आहेत, न शिवलेली. सायकीला वाचता येत नाही, म्हणून मी हे लिहू शकलो.

पानं मी फाडली, आणि ट्रक समोर उभा असताना मी खोटं बोललो, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.